मुकी काच

गाड्या विजेवर आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता रस्ते गप्प होतील. वर्तमानपत्रांनी तसं छापलं, पुढाऱ्यांनी तशी भाषणं ठोकली, आणि नागपुरात मानेवाड्याच्या पुढे दुमजली उड्डाणपूल उभा राहिला तेव्हा पुलाला खेटून राहणाऱ्यांची समजूतही त्याच आश्वासनावर काढली गेली. इंजिनाचा आवाज गेला हे खरं. पण वेगात धावणाऱ्या गाडीचा मोठा आवाज टायर रस्त्यावर घासण्याचा असतो, आणि बॅटऱ्यांच्या ओझ्याने गाड्या पूर्वीपेक्षा जड झाल्या होत्या. त्यात गुपचूप येणाऱ्या गाड्यांखाली माणसं सापडायला लागली, म्हणून सरकारने गाड्यांना मुद्दाम आवाज करायला लावला. एक आवाज काढून दोन बसवले, आणि सगळे कामाला लागले.

गुणवंतराव लांजेवारांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता, म्हणजे बरोबर पुलाच्या वरच्या मजल्याच्या उंचीला. आमच्या ड्राय बाल्कनीतून हात लांब केला तर ट्रकवाल्याला चहा देता येईल, असं ते पाहुण्यांना सांगत. सुरुवातीला हे सांगताना हसत. मग हसणं बंद झालं. माणूस मूळचा शांततेतला. उभी नोकरी गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रात गेली, आणि तिथे आवाज एकच, ट्रान्सफॉर्मरचा. त्या गुणगुणण्यात जराशी खोट आली की डोळे मिटून सांगायचे, अमका गरम झाला, बघून घ्या. आपल्या कानांचा त्यांना भारी अभिमान होता. आता तेच कान पुलाने किटवून टाकले होते. डोळ्याला डोळा लागेना, रक्तदाब चढला, आणि बायकोवर उगाचच खेकसायची सवय जडली. चंद्रकलाबाई ते फारसं मनावर घेत नसत. त्यांना आवाजाचं वावडं नव्हतं. जिथे आवाज तिथे माणसं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आधी त्यांनी साधी दुहेरी काच लावून पाहिली. हॉर्नची किंकाळी थांबली, पण घरघर तशीच राहिली, उलट आता तेवढी एकटीच ऐकू येऊ लागली. त्याचं कारण त्यांना नंतर समजलं. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. तीक्ष्ण, बारीक आवाज तिच्यावर आपटून जिरतात. पण जड ट्रकचा खालच्या पट्टीतला आवाज आला की बाहेरची काच, मधली हवा आणि आतली काच, तिन्ही एका तालात हलायला लागतात आणि त्याला अलगद आत आणून सोडतात. काचेची जाडी वाढवत नेली तरी हा प्रकार पुरता थांबत नाही.

त्यांची मुलगी प्रणाली हैदराबादला असायची. बापाच्या फोनवरच्या कुरकुरीला कंटाळून तिनेच एक दिवस नवीन निघालेली काच मागवली. कंपनीने तिला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण अख्खं शहर तिला मुकी काच म्हणत असे.

ती बसवायला राऊत नावाचा माणूस आला. चाळिशीचा, काटोलकडचा, बोलका. तो म्हणाला, या काचेच्या आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा आहे, डोळ्याला दिसत नाही, वीज दिली की थरथरतो. चौकटीच्या बाहेर मायक्रोफोन आहेत. बाहेरच्या काचेपासून आतल्या काचेपर्यंत पोचायला आवाजाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो, पण संगणकाला तो पुष्कळ झाला. तेवढ्यात तो येणारी लाट मोजतो आणि पापुद्र्याला बरोबर उलटं हलायला लावतो. लाट वर तर हा खाली, लाट खाली तर हा वर.

"म्हणजे फेज उलटी करता म्हणा की," गुणवंतराव म्हणाले, आणि आपलं बोलणं समजणारा माणूस भेटला म्हणून राऊत खूश झाला. काचेवर कबुतरं चोच मारतात, टाळी वाजवावी तसे पंख आपटतात, तेही आत कळणार नाही, असं त्याने वर सांगितलं. दार मात्र घट्ट बसायला हवं. केसाएवढी फट राहिली तरी सगळ्यावर पाणी फिरलं. म्हणून बाल्कनीचं सरकतं दार आपोआप बंद होत असे आणि त्याला बाहेरून मूठ नव्हती, फक्त अंगठा ठेवला की दार उघडणारी एक चकती होती.

मग नावांची गोष्ट निघाली. घर इतकं बंद केल्यावर बाहेर आग लागली तरी आत पत्ता लागायचा नाही, म्हणून सरकारने नियम घालून दिला होता. भोंग्यांना काचेने वाट द्यायची, आणि घरातल्या माणसांच्या नावांना. बाहेरून कोणीही नाव घेऊन हाक मारली, आणि ते नाव काचेला ओळखू आलं, की काही सेकंद तो आवाज आत सोडायचा. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाचं नाव मशीनसमोर तीनदा म्हणायचं, म्हणजे या घरच्या तोंडी ती नावं कशी लागतात हे तिला समजतं.

गुणवंतरावांनी "चंद्रकला" हजेरी घेतल्यासारखं म्हटलं. मग चंद्रकलाबाईंची पाळी आली, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मी कायले जी? यायलेच म्हणू द्या," त्या राऊतला म्हणाल्या.

राऊतने समजावलं की हे मशीनला सांगायचं आहे, काकांना नाही. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि चहा टाकते म्हणत आत सटकल्या. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बँकेत, दवाखान्यात कोणी विचारलं की त्या प्रणालीला पुढे ढकलत. घरात "अहो, ऐकलं का जी" एवढ्यावर सगळा संसार झाला होता. त्यात सक्ती नव्हती, दुःखही नव्हतं. जिभेला वळणच नव्हतं.

गुणवंतराव त्या दिवशी मजेत होते. "राहू द्या हो तिचं," ते म्हणाले. "तिच्या वाटचं मीच म्हणून टाकतो." आणि त्यांनी बारीक, बायकी आवाज काढून आपलंच नाव तीनदा म्हटलं. चंद्रकलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. राऊतही हसला. त्याच्या आईने तरी त्याच्या बापाचं नाव कुठे घेतलं होतं? त्याने बटण दाबलं, आणि मशीनने तो आवाज चंद्रकला लांजेवार यांचा म्हणून मान्य केला.

"अहो" चालणार नाही का, असं त्यांनी राऊतला गमतीने विचारलंही. तो म्हणाला, नाही चालत. अहो घरोघरचं. समोरच्या गॅलरीतल्या बाईने तिच्या नवऱ्याला अहो म्हटलं तर तुमची काच उघडेल. बाबा, काका, आई, सगळं त्यातच. काचेच्या लेखी तो रस्त्याचाच आवाज.

त्या रात्री गुणवंतराव कित्येक वर्षांनी सलग झोपले. सकाळी उठून त्यांनी खिडकीचा पडदा सारला, तर पुलावरून कंटेनर चालले होते, एकामागून एक, आणि आवाजाचा मागमूस नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. रक्तदाब उतरला, खेकसणं थांबलं. दुपारी जेवून हॉलमधल्या दिवाणावर आडवं व्हायचं आणि चहाच्या वेळेला उठायचं, असा त्यांचा क्रम लागला. इतकं सुख म्हातारपणी कोणाच्या वाट्याला येतं, असं ते प्रत्येकाला सांगत सुटले, आणि त्यांचं बघून सोसायटीत घरोघरी मुकी काच बसली. समोरच्या गेडाम वहिनींनीही बसवली.

चंद्रकलाबाईंचं मात्र त्या घरात मन लागेना. भाजीवाला येऊन गेलेला कळत नव्हता. गेडाम वहिनी पूर्वी गॅलरीतून ओरडून विचारायच्या, काय भाजी केली. आता दोघींच्या मध्ये दोन मुक्या काचा आल्या. "मेल्यावानी वाटते या घरात," त्या एकदा म्हणाल्या. गुणवंतरावांनी पेपर खाली न घेता सांगितलं की टीव्ही लाव. मग बाईंनी आपला मार्ग काढला. त्या ड्राय बाल्कनीत स्टूल टाकून बसू लागल्या. तिथे पूल होता, धूळ होती, पण खाली पोरं भांडायची, कोणाच्या तरी घरच्या कुकरची शिटी व्हायची, जग चालू आहे हे कळायचं. जाताना दारात चप्पल अडकवून ठेवत, म्हणजे ते बंद होऊ नये.

त्या फटीतून पूल आत येई. गुणवंतरावांची झोप मोडे. दोन-तीनदा त्यांनी सांगून पाहिलं, आणि एकदा चांगलंच सुनावलं. पोरीने एवढं करून दिलं आणि तू त्यात चप्पल कोंबतेस, अंगठा कशाला दिला आहे, असं ते बरंच काही बोलले. त्या दिवसापासून चप्पल दारात दिसली नाही, आणि बायकोने ऐकलं याचं गुणवंतरावांना समाधान वाटलं.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर गेला. दुपारी रस्ते ओस पडायचे. पुलावरून फक्त गाड्या धावायच्या, त्याही काचा बंद करून. सगळे घरात एसी लावून बसलेले. अशा उन्हाचं चंद्रकलाबाईंना एकच कौतुक, मुगवड्या खडखडीत वाळतात. त्यांनी सकाळीच बाल्कनीत प्लास्टिकचा कागद अंथरून वड्या घातल्या होत्या. जेवणं झाली, गुणवंतराव दिवाणावर लवंडले, आणि बाई वड्या उलटायला बाल्कनीत गेल्या. दोन मिनिटांचं काम म्हणून फोन ओट्यावरच ठेवला. दार त्यांच्यामागे सरकत बंद झालं.

पुढचं नंतर समजलं. अंगठ्याची चकती उन्हात इतकी तापली होती की तिने काम करणं सोडून दिलं होतं. संध्याकाळी थंड झाल्यावर ती पुन्हा चालू झाली. काचेवर बाईंच्या हातांचे ठसे होते, मुगाच्या पिठाचे, खांद्याच्या उंचीपासून खाली खाली येत गेलेले. त्यांनी काच बडवली होती. आत काही कळलं नाही, कारण कबुतरांच्या पंखांसाठी केलेली सोय माणसाच्या मुठीलाही लागू होती. समोर गेडाम वहिनींच्या घराचे पडदे ओढलेले होते. बाईंनी नवऱ्याला हाका मारल्या असणार, जन्मभर मारली तीच हाक, अहो, ऐकलं का जी. काचेने ती रस्त्याच्या आवाजात धरली आणि पुसून टाकली.

हे सगळं पुढे सगळ्यांना माहीत झालं. पण आणखी एक गोष्ट घडली होती, ती फक्त गुणवंतरावांना माहीत होती.

त्यांची झोप उथळ झाली होती. एसीची झुळूक पायांवर येत होती. आणि त्या नितळ शांततेत एकदम कोणीतरी म्हणालं, "गुणवंत."

बाईचा आवाज. घोगरा, घसा कोरडा पडलेला. पाठोपाठ पुलाची घरघर क्षणभर आत आली आणि तुटली. पुन्हा शांतता.

त्यांनी डोळे उघडले. त्यांना नुसतं नावाने हाक मारणारी माणसं जगात उरली नव्हती. आई मारायची, थोरली बहीण मारायची, दोघी कधीच्या गेल्या. आवाज ओळखीचा लागेना. आई लहानपणी बजावायची, भर दुपारी किंवा रात्री अनोळखी आवाजात नाव घेऊन एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसरी मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं, आणि ओ दिली की घेऊन जातं. गुणवंतरावांनी आयुष्यभर असल्या गोष्टींना हसत नोकरी केली होती. उपकेंद्रातल्या पोरांना ते भुताची टिंगल करून दाखवत. पण सत्तरीतला माणूस अर्धवट झोपेत असला की त्याचं शिक्षण जरा दूर राहतं. ते गप्प पडून राहिले. दुसरी हाक आली तर उठू, असं त्यांनी ठरवलं.

दुसरी आली नाही. त्यांनी कूस बदलली, आणि त्यांना पुन्हा झोप लागली.

चहाच्या वेळेला ते उठले. घरात कोणी दिसेना. गेडाम वहिनींकडे गेली असेल म्हणून त्यांनी स्वतःच पातेलं शोधायला घेतलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातून काचेकडे नजर गेली. चंद्रकलाबाई वड्यांच्या कागदावर आडव्या पडल्या होत्या. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. दवाखान्यात त्यांना बर्फात ठेवलं, सलाइनवर सलाइन लावली. त्या शुद्धीवर आल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गेल्या.

तेरा दिवस घर माणसांनी भरलं. बातमी पसरली तशी तिची एक गोष्ट होत गेली. नाव घेतलं असतं तर काच उघडली असती, हे सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. सगळ्यांच्याच घरी ती काच होती. त्यामुळे बाईंनी नाव घेतलं नाही हे आपोआप ठरलं. गेडाम वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, जीव गेला पण नवऱ्याचं नाव ओठावर नाही आणलं, आजकाल कोण राहिलंय असं? पुरुषांनी माना हलवल्या. एक म्हातारे गृहस्थ तर गुणवंतरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही भाग्यवान.

गुणवंतरावांनी हात सोडवून घेतला नाही.

प्रणालीला हे कौतुक ऐकवत नव्हतं. एकदा ती बायकांच्या घोळक्यातून उठून आत आली आणि बापाजवळ बसली. "एक शब्द होता बाबा," ती म्हणाली. "एका शब्दासाठी गेली आई. एवढी कशी वेडी ती?" तिच्या बोलण्यात राग होता, आणि तो मेलेल्या आईवर होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. गुणवंतरावांच्या तोंडापर्यंत आलंही. पण मुलीची नजर बघून ते पाणी आणायला उठले. त्यांना खोटं बोलावं लागत नव्हतं, नुसतं गप्प बसावं लागत होतं, आणि रोज गप्प बसणं आदल्या दिवसापेक्षा सोपं होत गेलं. स्वतःची समजूत ते एकच घालत. तिने एकदाच हाक मारली. एकदाच. भानावर असलेल्या माणसालाही एका हाकेने कळलं नसतं.

प्रणाली हैदराबादला परत गेली नाही. तिने कंपनीविरुद्ध तक्रार केली. तिचं म्हणणं सरळ होतं. या देशात लाखो बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे काच बनवणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं. बायको नवऱ्याला ज्या शब्दाने बोलावते त्या शब्दाला काचेने वाट दिलीच पाहिजे, त्या त्या बाईच्या आवाजावरून ओळखून द्यावी. सगळ्या घरांतल्या काचा नव्याने शिकवाव्यात. कंपनी म्हणत होती, आम्ही नियम पाळला. नाव घेतलं गेलं नाही, त्याला आम्ही काय करणार? काच ऐकलेलं काही साठवून ठेवत नाही, कारण कोणाच्या घरचं बोलणं साठवायला कायद्याने बंदी होती. प्रणालीच्या वकिलाने गुणवंतरावांना सांगितलं, काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की आत काही ऐकू आलं नाही. बाकी आम्ही बघतो. अशा वहिनी-काकू ज्या घरांत आहेत त्यांचं भलं होईल.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात राऊत भेटायला आला. नोकरी सोडली म्हणाला. चहाचा कप हातात घेतला, आणि ज्या गोष्टीसाठी आला होता ती त्याने बोलून टाकली.

"काका, काकूंचा खरा आवाज आपण घ्यायला पाहिजे होता. काकूंनी तुमचं नाव घेणं मशीनला तुमच्याच त्या गमतीच्या आवाजात शिकवलं आपण. खऱ्या आवाजात त्यांनी म्हटलं असतं ना, तरी तिला पहिल्यांदा खात्री नसती पटली. दहादा, पंधरादा, वीसदा म्हटल्यावर कुठे एकदा वाट दिली असती. त्यांनी नाव घेतलंच नाही तेच बरं झालं, असं म्हणतो मी मनाला."

तो गेल्यावर गुणवंतराव बसल्या जागी बसून राहिले. एक हाक आत आली होती. म्हणजे बाहेर किती झाल्या असतील, याचा विचार त्यांना करायचा नव्हता आणि दुसरं काही सुचत नव्हतं. लाजरी बाई, पाहुण्यांसमोर पदर तोंडाला लावणारी, भर उन्हात भिंतीला टेकून नवऱ्याचं नाव घेत होती. घेतच होती, घसा सुकेपर्यंत. आणि अख्खा गाव म्हणत होता की तिने घेतलं नाही. काही कौतुक करत होते, पोटची पोर राग करत होती, आणि दोन्ही तिच्यावर अन्याय होते. त्यांनी त्या आठवड्यात नीट जेवण केलं नाही.

सुनावणीला मोठी खोली नव्हती. एक अधिकारी बाई, दोन वकील, कंपनीचा एक माणूस, आणि मागे प्रणाली. कंपनीच्या वकिलाने फार सभ्यपणे विचारलं, "लांजेवार साहेब, तुमच्या पत्नी तुमचं नाव घेत नसत, हे खरं ना?"

"खरं आहे."

"मग त्या दिवशीही घेतलं नसेल, असंच म्हणायचं ना?"

प्रणालीच्या वकिलाने मान हलवून खुणावलं. गुणवंतरावांनी तिकडे पाहिलं नाही.

"घेतलं," ते म्हणाले. "मले ऐकू आलं. झोपलो होतो, जागा झालो. तिने गुणवंत म्हणून हाक मारली आणि मी ओ दिली नाही."

अधिकारी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काच उघडली होती का, असं त्यांनी विचारलं, आणि गुणवंतराव म्हणाले, उघडली होती, पुलाचाही आवाज आला होता. मशीनला नाव कोणी शिकवलं, तेही त्यांनी न विचारता सांगून टाकलं, बायकी आवाजासकट. कंपनीचा माणूस खाली बघत होता. काच उघडली होती आणि आवाजाची चूक घरच्यांची ठरत होती, म्हणून त्याला हायसं वाटलं असणार, पण ते तोंडावर दिसू न देण्याइतकी माणुसकी त्याने दाखवली. काचेने नियमाप्रमाणे काम केलं, असा निर्णय महिन्याभरात येणार हे तिथेच स्पष्ट झालं, आणि तसाच तो आला. काचा बदलल्या नाहीत. त्या वर्षी त्या आणखी खपल्या.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली एक बाक होता. प्रणाली त्यावर जाऊन बसली. वकील तिच्याशी काही बोलला आणि निघून गेला. गुणवंतराव थोड्या अंतरावर उभे राहिले. बसू का, असं विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

"तुम्ही गप्प राहिला असता तर त्यांना सगळ्या काचा बदलाव्या लागल्या असत्या," ती म्हणाली. "आता कुठेतरी अजून एक बाई अशीच ओरडत मरेल."

"माहीत आहे मले."

"आणि आधी बोलला असता, तर मी आईला वेडी म्हटलं नसतं."

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज भिंतीवरून आत येत होता आणि दोघंही तो ऐकत होते. प्रणालीने विचारलं, "कसा होता तिचा आवाज? तुमचं नाव घेताना?"

"परका वाटला बाई. खरं सांगतो. कोणी दुसरीच बाई बोलावते असं वाटलं. उभ्या जन्मात तिने मले नावाने हाक मारली नव्हती. मले कसं कळणार तीच आहे म्हणून?"

प्रणालीने मान वर करून बापाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग उरला नव्हता, आणि तेच गुणवंतरावांना सोसवेना.

"तुम्ही तरी तिला कधी म्हणालात का, घे म्हणून?"

"नाही," गुणवंतराव म्हणाले.

प्रणाली उठली आणि एकटीच फाटकाकडे चालू लागली. त्यांनी तिला हाक मारली नाही.